गहाण घर ते सरकारी वसतिगृह : महाराष्ट्रातल्या क्रीडाशाळेची गोष्ट

१/
मुळशी तालुक्याचे नाव निघाले की तीन गोष्टी हमखास आठवतात : सेनापती बापटांचा सत्याग्रह, टाटांचे धरण आणि आंबेमोहोर तांदूळ. चौथी गोष्ट तालुक्याच्या पूर्व टोकाला, मुळा नदीच्या जवळ आणि मुंबई-बंगळूर महामार्गालगत उभी आहे. ती म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. या संकुलात राज्य शासनाची निवासी क्रीडाशाळा चालते. तिचे नाव क्रीडा प्रबोधिनी. हा थ्रेड त्या शाळेचा, तिच्या राज्यभरातील भावंडांचा आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांचा.

२/
खेळाडू घडवायला पैसा लागतो. आहार, साहित्य, प्रशिक्षक, प्रवास आणि यश येईपर्यंतची कित्येक वर्षे, या सगळ्याचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो. मुलगा गरीब किंवा बेताच्या स्थितीतल्या घरातला असेल तर तो कोणी उचलायचा? महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन पाहिली. १९५२ साली एका प्राचार्याने स्वतःचे घर गहाण टाकले. १९९६ साली शासनाने योजना काढली. दोन्ही उत्तरांच्या शेवटी एकेक ऑलिंपिक कांस्यपदक आहे. मधल्या बहात्तर वर्षांत काय घडले, ते क्रमाने पाहू.

३/
सुरुवात कराडपासून. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावातले टिळक हायस्कूल सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतल्या मुलांसाठी शिक्षणाचा दरवाजा होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्यानंतर काही वर्षांनी, १९४० साली, जवळच्या गोळेश्वर गावातला एक मुलगा या शाळेत दाखल झाला. नाव खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४७ पर्यंत तो इथे शिकला.

४/
खाशाबांचे वडील स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. म्हणजे कुस्ती त्यांना घरातच मिळाली होती आणि गावात आखाडा होता. शाळेने त्यात काय भर घातली? शाळेमुळे गावच्या जत्रेतला फड सोडून आंतरशालेय, पुढे आंतरमहाविद्यालयीन आणि राष्ट्रीय स्पर्धांची वाट त्यांच्यासाठी उघडली. जत्रेतल्या कुस्तीला नारळ, फेटा आणि इनाम मिळे. शालेय-महाविद्यालयीन कुस्तीत वजनगट होते, गुण होते, नियम होते. ऑलिंपिकचा रस्ता या दुसऱ्या बाजूने जात होता.

५/
शाळा संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तोवर सगळी कुस्ती तांबड्या मातीत झालेली, आणि लंडनमध्ये लढायचे होते गादीवर. रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना तिथे गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मातीतून आलेल्या मल्लाने पहिल्याच ऑलिंपिकमध्ये मिळवलेले हे स्थान लहान नव्हते.

६/
१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीची निवड सरळ झाली नाही. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी ती जिंकली. आता प्रश्न पैशाचा होता. १९४८ साली पाठीशी असलेले कोल्हापूर संस्थान आता विलीन झाले होते. मुंबई सरकारकडे केलेली मदतीची विनंती मान्य झाली नाही, असे त्यांच्या चरित्रातून सांगितले जाते.

७/
मग कऱ्हाड-कोल्हापूर भागात वर्गणी सुरू झाली. गावकऱ्यांनी दिले, दुकानदारांनी दिले, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळी शिक्षकी पेशातल्या माणसासाठी ही रक्कम किती मोठी होती, याची कल्पना घर गहाण पडले यावरूनच यावी. विद्यार्थ्याने महाविद्यालय सोडले तरी त्याची जबाबदारी संपत नाही, असे मानणारी ही पिढी होती.

८/
हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पुढे सरकले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत सुमारे पंधरा मिनिटे चालली आणि ते हरले. पुढे हाच इशी सुवर्णपदक विजेता ठरला. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता.

९/
२३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक निश्चित झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर गोळेश्वरला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत चालून जाता येईल एवढ्या अंतराला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. गहाण घर सुटले. पदक देशाचे झाले, पण त्याचा हिशेब शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांनीच मिटवला.

१०/
पुढची कहाणी अनेकांना माहीत आहे. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पदकापूर्वी खेळाडूची सोय नव्हती, तशी पदकानंतरही नव्हती. या दोन्ही टोकांकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

११/
म्हणजे त्या काळी शाळांतल्या शारीरिक शिक्षणाकडे सरकारचे लक्षच नव्हते का? तसे म्हणता येणार नाही. १९३८ साली मुंबईच्या उपनगरात, कांदिवलीला, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. त्याआधी १९१४ पासून अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काम करत होते, आणि १९२४ पासून पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ. या संस्थांनी हजारो शाळांना व्यायामशिक्षक दिले. पी.टी.चा तास, लेझीम, कवायत, खो-खो, कबड्डी ही शालेय जीवनाची अंगे झाली ती यांच्यामुळे.

१२/
मात्र या सगळ्याचा उद्देश वेगळा होता. सर्व मुलांचे आरोग्य सुधारावे, शिस्त यावी, राष्ट्रीय वृत्ती बाणावी, हा तो उद्देश. हजारांतून एक मूल निवडून त्याच्यावर दहा वर्षे खर्च करणे ही कल्पनाच इथे नव्हती. १९५४ साली भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि शालेय स्पर्धांना राष्ट्रीय पातळी मिळाली. तरी जिल्हा स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गुरे राखायचीच होती.

१३/
इथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. ज्या १९५२ साली खाशाबा वर्गणीच्या पैशावर हेलसिंकीला गेले, त्याच साली पूर्व जर्मनीत पहिल्या सरकारी क्रीडाशाळा सुरू झाल्या. लहान वयात मुलांची चाचणी घ्यायची, निवडलेल्यांना वसतिगृहात ठेवायचे, अभ्यास आणि सराव यांचे एकच वेळापत्रक करायचे, अशी ती पद्धत. १९६२ साली सोव्हिएत संघाने ताश्कंदला अशीच निवासी क्रीडाशाळा काढली. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेला पूर्व जर्मनी पुढे पदकतक्त्यात महासत्तांच्या बरोबरीने बसू लागला.

१४/
या यशाची किंमत नंतर उघड झाली. १९७४ पासून पूर्व जर्मनीत सरकारी आदेशानेच खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, उत्तेजक औषधे दिली जात होती. अनेकांना ती कसली गोळी आहे हेही सांगितले गेले नव्हते. क्रीडाशाळा ही कल्पना आपल्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर हा प्रश्नही आला : निवडलेल्या मुलाचा मालक कोण? पदक हवे असलेले सरकार, की स्वतः ते मूल?

१५/
भारतात हा प्रयोग उत्तरेने आधी केला. हरियाणात राई येथे १९७३ साली मोतीलाल नेहरू क्रीडा विद्यालय निघाले. उत्तर प्रदेशात १९७५ साली लखनौला गुरु गोविंदसिंग क्रीडा महाविद्यालय सुरू झाले. क्रिकेटपटू सुरेश रैना आणि आर. पी. सिंग हे त्याचे विद्यार्थी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेनंतर, १९८४ साली, भारतीय क्रीडा प्राधिकरण आले आणि लहान वयातल्या गुणवत्तेच्या शोधाला केंद्राचा पैसा मिळू लागला.

१६/
महाराष्ट्र तोवर सन्मानांत पुढे आणि व्यवस्थेत मागे होता. १९६९-७० पासून राज्य शासन शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार देत होते. जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडा अधिकारी आले, शालेय स्पर्धांचे वेळापत्रक पक्के झाले. पण पुरस्कार हा खेळाडू घडून गेल्यावर मिळतो. घडण्याच्या काळातला खर्च अजूनही आईवडील, तालमीचे वस्ताद, क्लब आणि एखादा कळवळ्याचा शिक्षक यांच्यावरच होता.

१७/
चित्र बदलले ते १९९४ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा मुंबई आणि पुण्यात झाल्या. त्यासाठी पुण्याच्या पश्चिमेला, म्हाळुंगे आणि बालेवाडीच्या शिवेवर, सुमारे दीडशे एकरांत संकुल उभे राहिले. वास्तुविशारद शशी प्रभू, ज्यांनी वानखेडे स्टेडियमही उभारले होते. तेव्हा हा भाग शहराबाहेरचा मानला जाई. आजूबाजूला शेते होती, हिंजवडीचे संगणक-उद्यान अजून यायचे होते. म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातले गाव. ते पुणे महापालिकेत आले २०२१ साली.

१८/
स्पर्धा संपल्यावर अशा संकुलांचे काय होते, हे जगभर सारखेच दिसते : कुलूप लागते आणि गवत वाढते. इथे वेगळा विचार झाला. १९९६ साली राज्याचे क्रीडा धोरण आले आणि त्याच वर्षी क्रीडा प्रबोधिनीची योजना सुरू झाली. मैदाने आणि निवासाची व्यवस्था तयार होती, मुले आणायची होती. पुढे नाशिक, अमरावती आणि इतर ठिकाणीही केंद्रे निघाली. त्या सगळ्या वृक्षाचे मूळ म्हाळुंगे-बालेवाडीत.

१९/
या वर्षाची आणखी एक खूण. ३ ऑगस्ट १९९६ रोजी अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसला टेनिसमध्ये कांस्यपदक मिळाले. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली होती. पेसचे वडील स्वतः ऑलिंपिक पदक मिळवलेले हॉकीपटू, आई बास्केटबॉलपटू. खेळाचे वातावरण आणि साधने त्याला घरातच मिळाली. ज्या मुलाला हे घरात मिळणार नाही त्याच्यासाठी शासनाने घर उभे करावे, हे क्रीडा प्रबोधिनीमागचे साधे तत्त्व.

२०/
पद्धत अशी. प्राथमिक शाळेतल्या वयाची मुले चाचण्यांना येतात. उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, उभी उडी, लवचिकता असे घटक मोजले जातात. मूल कोणता खेळ खेळते, हे इथे विचारायचे नसते. त्याच्या शरीरात कोणत्या खेळाची बीजे आहेत, हे शोधायचे असते. निवड झाली की निवास, आहार, गणवेश, क्रीडासाहित्य आणि प्रशिक्षण शासनाचे. अभ्यास जवळच्या शाळेत. मुलाने दहावीचा पेपर द्यायचा असतो आणि पहाटे मैदानावरही जायचे असते.

२१/
आता दोन माजी विद्यार्थी पाहू. पहिला प्रवीण जाधव, जन्म १९९६, म्हणजे योजनेचाच समवयस्क. गाव सरडे, तालुका फलटण, जिल्हा सातारा. आईवडील शेतमजूर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाने या मुलाला पळायला लावले. मुलगा सरावात गळून पडे, कारण पोटात पुरेसे अन्न नव्हते. शिक्षकाने त्याच्या खाण्याची सोय केली आणि पुढे त्याला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीपर्यंत पोहोचवले.

२२/
प्रबोधिनीत प्रवीणच्या हाती धनुष्य आले आणि तो अमरावती केंद्रात गेला. पण लहानपणच्या कुपोषणाने खांदे कमजोर होते. धनुष्याचा ताण पेलवेना. प्रगती दिसेना म्हणून त्याला परत पाठवण्याची वेळ आली. शिक्षकाने मध्यस्थी केली आणि त्याला अखेरची संधी मिळाली : पाच बाण. त्या पाच बाणांवर तो तिथे टिकला. चाचण्यांच्या आकड्यांनी निवडणारी व्यवस्था आकड्यांनीच एका मुलाला गमावणार होती. त्याला वाचवले ते त्याला ओळखणाऱ्या माणसाने.

२३/
पुढे प्रवीण सैन्यदलात गेला. २०१९ च्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक जिंकले आणि टोकियो ऑलिंपिकचे स्थान मिळवले, त्या संघात तो होता. टोकियोत मानांकन फेरीत तिघा भारतीय पुरुषांत तो सर्वांत पुढे राहिला. पहिल्या फेरीत त्याने त्या वेळच्या जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाल्सान बाझारझापोवला ६-० असे हरवले. पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तो हरला. पदक आले नाही, पण सरड्याचा मुलगा जगातल्या सर्वोत्तम तिरंदाजांच्या रांगेत उभा राहिला होता.

२४/
दुसरा विद्यार्थी स्वप्नील कुसाळे. जन्म ६ ऑगस्ट १९९५, गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी मुलाला क्रीडा प्रबोधिनीत घातले. पहिले वर्ष केवळ शारीरिक तयारीचे. त्यानंतर एक खेळ निवडायचा होता. स्वप्नीलने नेमबाजी निवडली आणि नाशिक केंद्रात त्याचे शिक्षण सुरू झाले. रायफल, गोळ्या, जाड कापडाचे जाकीट, रेंजचे भाडे असा हा महागडा खेळ. राधानगरीच्या गावातला मुलगा तिथवर स्वतःच्या बळावर क्वचितच पोहोचला असता.

२५/
त्यानंतरची वाट लांब होती. २०१५ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. सराव पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या रेंजवर, प्रशिक्षक माजी ऑलिंपियन दीपाली देशपांडे. २०२२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत चौथे स्थान मिळाले आणि त्यातून भारताला ऑलिंपिकची जागा मिळाली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आले, पण वैयक्तिक प्रकारात पुढे असताना तो चौथ्या स्थानावर घसरला. प्रबोधिनीत पाऊल ठेवल्यापासून ऑलिंपिकपर्यंत पंधरा वर्षे गेली होती.

२६/
१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरू येथे होती. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात नेमबाज आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून, शेवटी उभे राहून नेम धरतो. अंतिम फेरीत सातव्या क्रमांकाने पोहोचलेला स्वप्नील सुरुवातीला मागे होता. उभ्या स्थितीत त्याने एकेकाला मागे टाकले आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक, आणि खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. (पॅरालिंपिकचा इतिहास वेगळा. तिथे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ सालीच सुवर्ण आणले होते.)

२७/
दोन कांस्यपदके शेजारी ठेवून पाहिली तर फरक स्पष्ट दिसतो. १९५२ साली कोणा प्राचार्याचे घर पणाला लागले. २००९ साली कोणाचे घर पणाला न लावता शिक्षकाचा मुलगा सरकारी वसतिगृहात दाखल झाला. चव्वेचाळीस वर्षे उशिराने का होईना, शासनाने खर्डेकरांच्या खांद्यावरचा भार स्वतःवर घेतला. क्रीडा प्रबोधिनीचे मोठेपण मोजायचे असेल तर आधी ही गोष्ट मोजली पाहिजे.

२८/
पदकानंतरच्या टोकाला मात्र जुने सूर पुन्हा ऐकू आले. रेल्वेतली बढती वर्षानुवर्षे रखडली होती. ती पदक आल्यावर मिळाली. पुढे स्वप्नीलच्या वडिलांनी हरियाणाच्या तुलनेत राज्याचे बक्षीस तोकडे असल्याचे जाहीरपणे बोलून दाखवले आणि मुलाला सरावाला जाणे सोपे व्हावे म्हणून बालेवाडीच्या संकुलाजवळ सदनिका मिळावी, अशी मागणी केली. त्या मागणीवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण तिचा इतिहास खाशाबांच्या निवृत्तिवेतनाच्या झगड्यापर्यंत मागे जातो, हे कमी जणांच्या लक्षात आले.

२९/
आणि पदकापर्यंत न पोहोचलेल्यांचे काय? क्रीडाशाळेत आलेल्या मुलांपैकी बहुतेक जण ऑलिंपिकला जात नाहीत. कुणाचा गुडघा जातो, कुणाची वाढ थांबते, कुणाला घरी परतावे लागते. त्यांच्यासाठी राज्यात दोन आधार आहेत. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात. २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस दलात, महसुलात, शाळांत अशी माजी खेळाडू मंडळी भेटतात. पूर्व जर्मनीच्या प्रयोगाने विचारलेल्या प्रश्नाला हे आपले अर्धे उत्तर आहे : मुलाचे आयुष्य त्याच्या खेळापेक्षा मोठे आहे.

३०/
मुळशीपुरते बोलायचे तर तिथे जुनी आणि नवी शाळा आजही शेजारी नांदतात. तालुक्यात गावोगावी तालीम आहे. डिसेंबर २०१७ ची महाराष्ट्र केसरी भूगावला झाली, अभिजित कटके जिंकला. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरी म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलातच झाली, हर्षवर्धन सदगीर जिंकला. त्या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग वेगवेगळे लढतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. खाशाबांनी लंडनमध्ये एकट्याने ओलांडलेली सीमा आता स्पर्धेच्या रचनेतच आली आहे.

३१/
शेवटी एक मुद्दा, जो या सगळ्या इतिहासातून पुन्हा पुन्हा वर येतो. खाशाबांच्या मागे प्राचार्य होते. प्रवीणच्या मागे जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक होता. स्वप्नीलचे वडीलच शिक्षक होते. सरकारी योजना, चाचण्या, वसतिगृह हे सगळे असूनही मूल त्या चाचणीच्या रांगेत उभे राहते ते कुणीतरी त्याला तिथे नेल्यामुळे. योजनेचा कागद गावात पोहोचतो तो शाळेतून, आणि तो वाचून कोणत्या मुलाला पाठवायचे हे शिक्षक ठरवतो.

३२/
आता शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो पाहा. २००९ च्या या कायद्यानुसार आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तोही पटसंख्या शंभरांवर असेल तरच. सरडे किंवा कांबळवाडीसारख्या गावातल्या पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र क्रीडाशिक्षकाची तरतूदच नाही. क्रीडा प्रबोधिनी ज्या वयाची मुले शोधते, नेमक्या त्याच वयात मुलांच्या शाळेत त्यांची धाव पाहायला नेमलेला माणूस नसतो. असतो तो वर्गशिक्षक, त्याची नजर आणि त्याची इच्छा.

३३/
म्हाळुंगेच्या संकुलात २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यानंतर कितीतरी स्पर्धा झाल्या आणि पुढेही होतील. त्याच्या ट्रॅकवर पहाटे सराव करणाऱ्या मुलांत उद्याचे पदक असू शकेल. ते मूल तिथे आले असेल ते कुठल्या तरी वाडीवस्तीवरच्या शाळेतून, कुणा गुरुजींनी किंवा बाईंनी केलेला अर्ज घेऊन. खर्डेकरांचे घर सुटून सत्तर वर्षे झाली. त्या अर्जावर सही करणाऱ्या शिक्षकाची जागा मात्र भरलेली राहील, याची काळजी अजून घ्यायची आहे.